माझ्याऐवजी बोलणारी बाई

गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली. शुद्धीवर आल्यावर मी पाणी मागितलं, तर तोंडातून नुसती हवा निघाली. नर्सला वाटलं मी कण्हतेय. तिनं चादर नीट केली आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आवाजाची नस दुखावली आहे. बहुतेकांचा आवाज परत येतो. वाट बघायची." किती वाट, हे विचारायला मी तोंड उघडेपर्यंत ते पुढच्या खाटेकडे वळले होते.

मी नागपूरच्या जरीपटका भागातल्या एका शाळेत गणित शिकवत होते. कुजबुजत वर्ग चालवता येत नाही. रजा संपल्यावर मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बसवलं, परीक्षेचे अर्ज तपासायला. चांगल्या मनानंच बसवलं. पण तिथं मला कुणी काही विचारेनासं झालं. विचारलं तर उत्तराची वाट बघावी लागायची.

घरी, बेसाच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जवळ बसलं तर माझं बोलणं समजे. पण डोक्यावरचा पंखा फिरत असला किंवा कुकर लागलेला असला की संपलं. नागपुरात पंखा बंद करून माझं ऐकत कोण बसणार? मग माझ्या नवऱ्यानं माझं बोलणं हाती घेतलं. दूधवाल्याशी, कामवालीशी, नातेवाइकांशी तोच बोले. सुरुवातीला मला त्याचा आधार वाटला. एकदा शेजारीण हळदीकुंकवाचं सांगायला आली. मी दाराशी उभी होते, होकारार्थी मान हलवणार, तेवढ्यात तो आतून म्हणाला, "ती कुठं येते आता! तिले त्रास होते." शेजारीण माझ्याकडे न बघता त्यालाच "बरं, बरं" म्हणून गेली. मी आत येऊन त्याचा दंड धरला, म्हटलं, "मले जायचं होतं." त्याला टीव्हीच्या आवाजात ऐकू आलं नाही. "काय पाहिजे? पाणी?" तो म्हणाला.

राहिला मोबाइल. लिहायला काय, बोटं शाबूत होती. पण मेसेज आला की त्याच्याखाली तयार उत्तरं उमटत: 'हो', 'नक्की!', 'धन्यवाद'. दिवसभर खुणा करून दमल्यावर बोट आपसूक त्यांच्यावर पडे. नणंदेनं विचारलं, "दिवाळीत आम्ही सगळे तुमच्याकडेच राहतो, चालेल ना?" आणि माझ्याकडून 'नक्की!' गेलं. गेल्यावर लक्षात आलं की त्या तयार उत्तरांत 'नाही' मी कधी पाहिलंच नव्हतं.

खरी कोंडी मात्र माझ्या मायची होती. माय सावनेरला भावाकडे राहते. तिला लिहितावाचता येत नाही. तिच्याजवळ बटणांचा साधा फोन आहे आणि रोज संध्याकाळी ती मला फोन करते, माझ्या लग्नापासून. म्हणजे मी बोलू शकत नव्हते आणि ती वाचू शकत नव्हती. भावाच्या फोनवरून व्हिडिओ कॉल करून पाहिला, तर तिनं फोन बाजूला सारला. "मले त्या डब्ब्यात पाहाले नाही जमत," म्हणाली. मग माझा नवरा स्पीकर लावून बोलायचा. "बरी आहे. जेवली. झोपली." मी शेजारी उभी असायचे, झोपलेली नसायचे. फोनवर माझा श्वास तिला वाऱ्यासारखा ऐकू येई. ती म्हणे, "जावईबापू, बाहेर हवा सुटली काय?"

हे सगळं मी एकदा डबा खाताना आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मॅडमना कागदावर लिहून दाखवलं. त्या माझ्याहून पुष्कळ लहान, बोलायला फटकळ. म्हणाल्या, "तुम्ही लिहिलेलं मोठ्यानं वाचणारं ॲप आहे ना?" आहे, मी लिहिलं, पण कॉल चालू असताना ते समोरच्याला ऐकू जात नाही.

"नाहीच जाणार. चालू कॉलमध्ये ॲपला आपला आवाज घालू देत नाहीत. तो दरवाजा कंपनीनं बंद ठेवलेला असतो." थोडा वेळ त्या पोळी चावत राहिल्या. "माझ्याकडे एक फोन पडला आहे. ओपन सोर्स. म्हणजे त्याच्या आतलं सगळं सॉफ्टवेअर उघडं असतं, कुणीही वाचावं, कुणीही बदलावं. मी हौसेनं घेतला आणि कंटाळले. बॅटरी टिकत नाही, कॅमेरा भिकार. पण दरवाजे उघडे आहेत."

फोन जाड होता, हातात गरम व्हायचा. त्याचा वापर करणाऱ्यांचं इंटरनेटवर एक चर्चेचं पान होतं. तिथं लोक आपल्याला काय काय हवं ते सुचवत आणि ज्यांना जमेल ते करून देत. मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला काय पाहिजे ते लिहा. मी इंग्रजी करते."

मी लिहीत गेले. फोन आला की माझी बोटं जे लिहितील ते त्यानं पलीकडच्याला बोलून दाखवावं. मी लिहायला लागले की आधी 'हं' असा आवाज काढावा, म्हणजे समोरचा माणूस थांबेल, कारण माझं वाक्य पुरं होईपर्यंत लोक तिसऱ्याच विषयावर गेलेले असत. तयार उत्तरांत 'नाही' हवं, 'मला विचार करू द्या' हवं, 'माझं अजून झालं नाही' हवं. कित्येक महिन्यांनी मी सलग एवढं बोलत होते, कागदावर का होईना. मॅडम वाचताना मध्येच थांबल्या, नाकावरचा चष्मा वर केला आणि "पाठवते," एवढंच म्हणाल्या.

परदेशातल्या कुणा अनोळखी माणसानं उत्तर दिलं. कॉलचं काम होण्यासारखं आहे, 'हं'चं सोपं आहे, असं त्यानं लिहिलं. 'हे आणखी कुणाला लागेल का?' असंही विचारलं. मॅडमनी परस्परच उत्तर ठोकलं की लागेल. त्यानं काही पाठवलं, मॅडमनी त्यात सुट्टीच्या दिवशी बसून काही बदल केले, दोनदा फोन पूर्ण बंद पडला. शेवटी एकदा शाळेच्या प्रयोगशाळेतून मी त्यांना त्यांच्याच मोबाइलवर फोन लावला आणि त्या जिन्यात उभ्या राहून ओरडल्या, "ऐकू आलं! मॅडम, ऐकू आलं!"

त्या संध्याकाळी मायचा फोन मी स्वतः उचलला. फोनमधली बाई स्वच्छ, गोड आवाजात म्हणाली, "आई, मी बोलत आहे. तू कशी आहेस?"

माय म्हणाली, "नाही पाहिजे आमाले काही," आणि फोन कट केला.

पुन्हा लावला. पुन्हा कट. तिसऱ्यांदा म्हणाली, "कंपनीवाली बाई हाय, मागं लागली." आणि भावाला हाक मारू लागली.

आमच्या घरात मायला कुणी कधी 'आई' म्हटलेलं नाही. मी लिहिलेल्या 'माय'चं तो कीबोर्ड 'आई' करत होता, 'मले'चं 'मला' करत होता, 'का'ऐवजी 'काहून' लिहिलं की खाली लाल रेघ ओढत होता. मॅडमनी ती दुरुस्ती काढून टाकली. भावानंही मायला समजावलं, ताई लिहिते आणि फोन बोलतो. दुसऱ्या दिवशी मी लिहिलं, "माय, मी बोलून राहिली. काहून कट करतं वं फोन?"

या वेळी फोन कट झाला नाही. मग माय जपून म्हणाली, "तू कुठली बाई होय? इकडचीच दिसतं."

मी लिहिलं, मी तुझीच पोरगी. ती म्हणाली, "हो, हो, समजलं मले. तिच्यापाशी बसून बोलतं तू. बरं झालं ठेवलं तिनं कोणाले." मी पुन्हा समजावलं. तिनं पुन्हा हो म्हटलं. आणि मग विचारलं, "कशी हाय माही पोरगी? जेवते काय?"

मी हरले. लिहिलं, "जेवते."

"रडते काय?"

मी एक अक्षर लिहून पुसलं. 'हं' वाजून गेला, माय थांबून राहिली. शेवटी मी लिहिलं, "कधी कधी." मी तिला हे आवाज असताना कधीच सांगितलं नसतं.

पुढं रोज हेच. माय माझी चौकशी माझ्याजवळ करायची आणि जावई आता पोरीवर चिडतो का, हेही विचारायची. मी तिसऱ्याच बाईसारखी माझ्याबद्दल सांगत राहायचे. दोनदा-तीनदा तिचा गैरसमज दूर करायचा प्रयत्न केला, पण ती त्या बाईशी ज्या मोकळेपणानं बोलायची, तो ऐकून माझीच बोटं मागं येऊ लागली.

एके दिवशी मायनं दुपारीच फोन केला. भाऊ खाणीत पाळीवर होता, वहिनी अंगणवाडीत. माय म्हणाली, "बाई, एक सांगू? तिले नको सांगजो."

"सांगा," मी लिहिलं.

"मले दिसून नाही राहिलं. दारातला माणूस बी धुरकट दिसते. हे फोनचं हिरवं बटण तेवढं बोटाले माहीत हाय. पोराले समजलं तर मले चुलीजवळ जाऊ नाही देणार. खाटेवर बसवून ठेवतीन." मग म्हणाली, "तिले तिचंच किती हाय. नको सांगजो बाप्पा."

व्हिडिओ कॉलवर तिनं फोन का सारला, ते तेव्हा मला कळलं. मला ओरडावंसं वाटत होतं. तोंड उघडलं, आणि नेहमीसारखी हवा आली. फोनमध्ये 'हं' वाजला. मी लिहिलं, "नाही सांगत." ती बाई हे अगदी शांतपणे बोलली. तिला दुसऱ्या तऱ्हेनं बोलताच येत नव्हतं.

रविवारी नवऱ्याला घेऊन मी सावनेरला गेले. माय चहा ओतताना कपात बोट बुडवून बघत होती, भरला की नाही ते. मी तिचं बोट धरून बाहेर काढलं, भाजलं होतं. भावाला खुणेनं बोलावलं, तिचे डोळे दाखवले. मी माझ्याच डोळ्यांनी पाहिलं, असं दाखवायची सोय झाली होती. पण मायनं मान फिरवली. "त्या बाईनंच सांगितलं तुले," ती म्हणाली. "लावालावी करते मेली."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. नागपूरला आणून ऑपरेशन केलं आणि बरी होईपर्यंत बेसाला ठेवलं. काळा चष्मा लावून ती बाल्कनीत बसायची. डोळे स्वच्छ झाल्यावर एका दुपारी मी समोर बसून लिहिलं, "माय, चहा देऊ काय?" फोन बोलला. मायनं इकडे-तिकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे. म्हणाली, "आणखी लिह्य."

मी लिहिलं. बाई बोलली.

"म्हणजे तूच होती? रोज?"

मी मान हलवली.  मला वाटलं, चिडेल. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला आणि म्हणाली, "मंग आता मी कोणाजवळ बोलू वं?"

सावनेरला परत गेल्यावर तिचे फोन लहान होत गेले. बरं हाय, जेवली, औषध टाकलं डोळ्यात. माझा नवरा माझ्यातर्फे बोलायचा तशी आता ती बोलत होती. माझा आवाजही आला नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी नसेजवळ इंजेक्शन देऊन बघू म्हटलं आहे, खात्री नाही म्हणाले. शाळेत मी अजून अर्जच तपासते. नवरा मात्र आता 'हं' वाजला की थांबतो, कधी कधी.

परवा मायचा फोन आला. मी लिहिलं, "बोल माय."

ती म्हणाली, "तू नको. त्या बाईले दे."

मी लिहिलं, "माय, ती मीच होय."

"मले माहीत हाय वं," माय म्हणाली. "तरी दे."

मी जराशानं लिहिलं, "नमस्कार माय. काय म्हणता?"

"काही नाही बाई," असं ती म्हणाली आणि तिनं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग ती सुनेबद्दल बोलू लागली, भाजीत मीठ, गुडघे, आणि बोलता बोलता माझ्यावर आली. "माही पोरगी लहानपणी फार बडबडी होती," म्हणाली, "झोपेतसुद्धा बोलायची, मीच तिले चूप बस म्हणत जाऊ." मी ऐकत राहिले. मध्ये मध्ये 'हं' वाजत होता.