एकाच खोलीतला ऑनलाइन फळा

वर्ध्याच्या आमच्या छोट्या संस्थेत आम्ही तिघं एकाच खोलीत बसायचो आणि साहेब नागपूरला. टीमने एकत्र काम करावं म्हणून त्यांनी मला सगळ्यांना एकाच वेळी लिहिता येईल असे दोन ऑनलाइन फळे वापरून त्यातला चांगला निवडायला सांगितलं. अडचण एवढीच होती, की देवळीहून येणारे भाऊ आणि पवनारच्या ताई, हे माझे दोन्ही सहकारी पंख्याच्या वेगावरून भांडले होते आणि दिवाळीपासून एकमेकांशी बोलत नव्हते.

पहिला फळा देखणा होता. प्रशिक्षणाचा आराखडा काढताना ताईंनी जाब विचारत त्यावर पिवळी चिठ्ठी चिकटवली, "माया चौकोन काऊन हलवला?"

पाठमोऱ्या बसलेल्या भाऊंनी गुलाबी चिठ्ठीवर लिहिलं, "तो माया बाणावर बसून राह्यला होता."

दुपारपर्यंत आराखडा चिठ्ठ्यांखाली गडप झाला. खोलीत मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.

दुसरा फळा आमच्या नेटवर धड उघडेना. उघडला की मघाचे चौकोन गायब. शेवटी ताईंनी खुर्ची फिरवली.

"भाऊ, तुमाले काही दिसून राह्यलं का?"

"नाई ना ताई. मले वाटलं, तुमीच पुसलं."

दोघंही हसले आणि कागद-पेन्सिल घेऊन एका टेबलाशी बसले.

मी दुसऱ्या फळ्याची मनापासून शिफारस केली. साहेबांनी रंग जास्त म्हणून पहिला घेतला. हल्ली तो दिवसभर कोरा दिसतो, म्हणून साहेब काळजीने फोन करतात. तेव्हा ते दोघं टपरीवर चहा पीत पुढच्या प्रशिक्षणावरून मोठमोठ्याने भांडत असतात.