न्हाव्याची गिटार

एलादिओ न्हावी मेला तेव्हा त्याची बायको अंगुस्तियास रडली नाही. त्याची थोरली बहीण विर्तुदेस मात्र अशी रडली, की ग्रानादातल्या त्या उताराच्या गल्लीतल्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडल्या. रडणं आटोपल्यावर तिने नाक पुसलं आणि गिटारीचा विषय काढला. भावाची गिटार माझ्या मुलाला, फेर्मीनला द्या, घरातली वस्तू घरात राहील.

"आधी त्यांची शवपेटी तर पुरू द्या, वन्सं," अंगुस्तियास म्हणाली. "गिटारीची काय, पळून जाते का?"

दुकानातल्या आरशाशेजारी ती गिटार संसारभर टांगलेली होती, आणि संसारभर अंगुस्तियासने तिला बोट लावलं नव्हतं. लावू दिलं नव्हतं. ती इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला. तुझ्या हातांना आजाऱ्यांच्या चादरींचा वास येतो, असं एलादिओ भर गिऱ्हाइकांत म्हणायचा आणि गालाला साबण फासलेली तोंडं खो खो हसायची. विर्तुदेस गल्ल्यावर बसायची. ती सगळ्यांत शेवटपर्यंत हसायची.

त्याच्या पहिल्या वर्षदिनाची प्रार्थना झाली, त्याच दुपारी अंगुस्तियासने गिटार पेटीतून काढली आणि कोपऱ्यावरच्या ब्लासकडे नेली. ब्लास गिटारी घडवायचा, चार माणसांना वाजवायलाही शिकवायचा. सहासष्टाव्या वर्षी बायका माझ्याकडे खुर्चीचा पाय चिकटवायला येतात, तो म्हणाला. ती बसून राहिली. शेवटी त्याने शिकवलं. आधी जपायला, मग वाजवायला. या गिटारीवरचं पॉलिश लाखेचं आहे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. मऊ कोरड्या फडक्याने घाम टिपायचा, बस्स. स्पिरिट, दारू, कोलोन जवळ आणायचं नाही, लाख विरघळते. न्हाव्याच्या घरात कोलोन पाण्यासारखं वाहायचं. एलादिओ वाजवायला बसण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायचा आणि टॉवेल घेऊन शेजारी उभी राहायची ती विर्तुदेसच.

वाजवणं मात्र अंगुस्तियासला जड गेलं. तारा नखांनी छेडायच्या, आणि ब्लीचमध्ये झिजलेली तिची नखं पुठ्ठ्यासारखी वाकायची. ती रात्री त्यांना तेल चोळायची, तासायची. उजव्या हातात सदा मोजा. भांडी डाव्या हाताने, बटाटे डाव्या हाताने. गल्लीला करमणूक झाली. म्हातारीने उजवा हात लग्नासाठी राखून ठेवलाय, असं पाववाली म्हणायची. विर्तुदेस खालच्या मजल्यावर राहायची. वर सराव सुरू झाला की ती झाडूच्या दांड्याने छत ठोकायची, आणि तेही मुद्दाम ताल चुकवून.

दोन हिवाळे गेले. तीन बोटं एकाच तारेवर पाठोपाठ पडतात आणि सूर थरथरत लांबत जातो, ती चाल एलादिओ दुपारी वाजवायचा. ती अंगुस्तियासच्या हाताखाली लंगडत का होईना, चालायला लागली. विर्तुदेसच्या कानांनी ते बरोबर टिपलं. एका रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर तिने सगळ्यांदेखत पैज मांडली. मेमधल्या फुलांच्या क्रॉसच्या सणाला अंगणात ती चाल पुरी वाजवून दाखव. न थांबता वाजवलीस आणि गिटार जपलेली दिसली, तर ती तुझी, मी पुन्हा नाव काढणार नाही. नाहीतर फेर्मीनची. निवाडा ब्लास करेल.

"कबूल," अंगुस्तियास म्हणाली. तिला वाटलं, या दोन्ही गोष्टी आपल्याच हातात आहेत.

मेच्या तिसऱ्या तारखेला अंगणात लाल कार्नेशनचा क्रॉस उभा राहिला, भिंतींवर शाली आणि तांब्याची भांडी चढली. लोक खारा पाव आणि कोवळ्या शेंगा खात होते. अंगुस्तियास काळ्या जाळीच्या बाह्यांचा ब्लाउज घालून खुर्चीवर बसली. पाय पाटावर, गिटार मांडीवर. तेवढ्यात विर्तुदेस पुढे झाली. हातात कोलोनची बाटली, दुकानातलीच, मोठी.

"माझ्या भावाच्या नावाने," असं म्हणत तिने भावजयीला मिठी मारली आणि उजव्या बाहीवर बाटली उपडी केली. मनगटापासून कोपरापर्यंत. जाळीखालचं अस्तर चिंब झालं.

अंगुस्तियास म्हणाली, जरा ब्लाउज बदलून येते.

"बघा," विर्तुदेस अंगणाला म्हणाली, "मला वाटलंच होतं. आता पोट दुखेल, मग डोकं दुखेल."

लोक हसले. बाटली सगळ्यांनी पाहिली होती. ब्लासने तर पाहिलीच होती. तो शेंग सोलत राहिला.

अंगुस्तियासने हात गिटारीला न टेकवता अधांतरी धरला आणि सुरुवात केली. पहिल्या ओळीतच खांदा भरून आला. दुसरीत बोटं अडखळली, मधलं नख मागे पडलं. आता एकच होऊ शकत होतं. हात टेकवला तर लाख जाईल, नाही टेकवला तर चाल जाईल. तिने हात टेकवला. मग सुरांची थरथर अशी सुटली, की पाववालीने घास चघळायचा थांबवला. बाहीखाली लाख मऊ पडत होती, चिकटत होती, अंगुस्तियासला ते मनगटावर कळत होतं. तिने डोळे मिटले नाहीत. शेवटच्या सुरापर्यंत ती विर्तुदेसकडेच बघत होती.

मग तिने हात उचलला. फर्र्‌ आवाज झाला. गिटारीच्या छातीवर जाळीचं फूल न् फूल उमटलं होतं, आणि मधे लाकूड उघडं.

"अगंबाई, माझ्या भावाची गिटार!" विर्तुदेसने तोंडावर हात घेतला.

सगळे ब्लासकडे वळले. त्याने टरफलं मुठीत गोळा केली.

"वाजवली," तो म्हणाला. "पण जपली नाही."

खूप टाळ्या झाल्या, पण त्या कुणासाठी होत्या हे स्पष्ट नव्हतं.

फेर्मीन गिटार न्यायला वर आला. चाळिशीचा, सुस्त, आईने पाठवलं की जाणारा. दारात घुटमळत त्याने विचारलं, "मामी, हिची काळजी कशी घ्यायची? मला यातलं काहीच कळत नाही."

अंगुस्तियास त्याच्याकडे बघत राहिली. या पोराने तिचं काही वाईट केलं नव्हतं. बरंही नव्हतं केलं.

"हिला थंडी सोसत नाही, बाळा," ती मायेने म्हणाली. "थंडी पडली की मेजाखालच्या पाय शेकायच्या शेगडीजवळ ठेव. जेवढी जवळ तेवढं बरं. आईलाही सांग, शेगडी विझू देऊ नका म्हणावं."

शेगडीच्या धगीने लाकूड वाळतं, आकसतं आणि एक दिवस मधोमध फाटतं. मग ते कोणीही सांधलं तरी आवाज परत येत नाही. ब्लास ज्याला त्याला हे सगळ्यांत आधी सांगायचा. पण त्याला विचारायला फेर्मीन कधी जाणार नव्हता, आणि ज्याने बाटली पाहिली होती त्याच्या दारात विर्तुदेसला आता पाऊल टाकवत नव्हतं.

डिसेंबरात बर्फाच्या डोंगरावरून वारा सुटला. खाली शेगडी पेटली. जिन्यातून जाताना कोळशाची ऊब अंगुस्तियासच्या पायांना लागायची. एकदा तर विर्तुदेसने दार उघडून तिला आत बोलावलं, गरम व्हायला. तेव्हा ती बसली. मेजाचं जाड कापड गुडघ्यांवर ओढून घेताना पायाला गिटारीच्या पेटीचा कोपरा लागला. कॉफी पिऊन ती वर आली.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी ती पाव कापत असताना खालून ताड्‌कन आवाज आला, फांदी मोडावी तसा. मागोमाग विर्तुदेसची किंकाळी.

अंगुस्तियासचा हात थांबला. मग पुढची चकती कापली, आदल्या चकतीएवढीच जाड.