काळ्या गाडीचा तपास

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. आमचे हे पोलीस खात्यातून फौजदार म्हणून रिटायर झाले आणि आता वहीत जुन्या केसेस लिहितात. चोऱ्या, दरोडे, फरार आरोपी, सगळं त्यात आहे. एक केस मात्र ते लिहिणार नाहीत, कारण तिच्यात फिर्यादी ते स्वतःच होते. ती मी वहीच्या मागच्या पानांवर लिहिते. नाव कोणाचंच घालत नाही, हेही घालत नाहीत.

ती गाडी दारात आली तो दिवस काही केल्या विसरता येत नाही. घोडबंदर रोडच्या एका टॉवरमधल्या माणसाकडून ह्यांनी जुनी परदेशी गाडी घेतली. काळी, लांबलचक, आत सगळं चामडं. नोकरीभर असल्या गाड्यांना रस्ता मोकळा करून दिला, आता एकदा आपण आत बसायचं, एवढीच हौस. "अगं, छोट्या गाडीच्या भावात हत्ती मिळाला," म्हणाले. हत्ती मिळतो हो, चाऱ्याचं काय?

एका टायरच्या पैशात आमचा महिन्याचा किराणा येतो. वाटेत मोठा खड्डा दिसला की हे मला खाली उतरवायचे आणि गाडी हलकी करून पुढे न्यायचे. मी जरीची साडी नेसून मागून चालत. सकाळी खाली जाऊन बघावं तर गाडी म्हशीसारखी बसलेली. चाकांवर हवेच्या पिशव्या असतात म्हणे, त्यांत पंप हवा भरतो, तो नीट चालत नव्हता.

दसऱ्याला मी पूजेचं ताट घेऊन गेले तर हे ओरडले, "बाहेर कुंकू लावू नको, रंगाला डाग पडेल!" ह्या गाडीची बॅटरीसुद्धा मागे डिकीत चटईखाली असते, हे त्यांनीच मला कौतुकानं दाखवलं होतं. मग मी ओलं कुंकू हाताला लावून पाच बोटं त्या बॅटरीवर उमटवली. पाच म्हणायची. लहानपणी कोयत्याखाली आल्यामुळे माझं मधलं बोट अर्धंच आहे.

माजिवड्याजवळचा एक गॅरेजवाला ह्यांना भेटला. "साहेब, ही गाडी सांभाळायला तुमच्यासारखाच माणूस पाहिजे," असं म्हणायचा आणि बिल हातात द्यायचा. थंडीत त्यानं पंप आणि बॅटरी दोन्ही नवीन टाकल्याचं सांगितलं. बिल बघून मी खालीच बसले, गाडीसारखी. पेन्शन पुरेना, तेव्हा मी माहेरी गेले. आमचं गाव डोंबिवलीच्या पुढे, खाडीकाठी. वहिनीनं भाचीच्या लग्नाला ठेवलेले पैसे काढून दिले.

"हलदीच्या आदी दे गो," ती म्हणाली. "मांडववाला काय तुझ्या गारीसाठी थांबंल?"

मी हो म्हणाले. पैसे परत दिल्याशिवाय भाचीच्या हळदीला कोणत्या तोंडानं उभी राहणार?

उन्हाळा लागला, लग्न जवळ आलं, आणि गाडी पुन्हा बसली. ह्यांनी तपास सुरू केला. आधी वॉचमनचा जबाब. मग पार्किंगमध्ये खेळणाऱ्या पोरांचा. मग माझा.

"डिकीत काय ठेवलं होतंस?"

"गाजरं."

"किती किलो?"

"अहो, गाजरांनी हत्ती बसतो का?"

"विचारलं तेवढंच सांग."

खबर दिली ती आमच्या खालच्या मजल्यावरच्या रिक्षावाल्यानं. "काका, रागवू नका. माझा स्टँड त्या गॅरेजसमोरच आहे. थंडीत तुमची गाडी तिथे नुसती उभी होती. धुवायचे मात्र रोज, मस्त चमकवायचे."

"पुरावा?"

"काका, मी रिक्षा चालवतो, कॅमेरा नाय."

त्याच दिवशी ह्यांच्या हुकमावरून मी डिकी झाडायला गेले. गाजराची माती चटईखाली गेली होती म्हणून चटई उचलली. बघते तर नव्या बॅटरीवर माझी बोटं. चार पूर्ण आणि मधलं अर्धं.

चारचौघांत मला बोलता येत नाही, ह्यांच्यापुढेही जपूनच बोलते. वर जाऊन एवढंच विचारलं, "अहो, नव्या बॅटरीवर माझं कुंकू कसं?"

हे खाली जाऊन बघून आले. पायात बूट घातले. म्हणाले, "चल. तू साक्षीदार."

गॅरेजमध्ये हे शांतपणे खुर्चीवर बसले. चहा मागवला, त्यालाही दिला.

"जुनी बॅटरी कुठाय?"

"भंगारात दिली, साहेब."

"नवी कोणी बसवली?"

"मी, स्वतःच्या हातानं. तुमची गाडी पोरांकडे देईन का?"

"बसवल्यावर पूजा वगैरे केलीस?"

"नाय साहेब, आमच्याकडे तसलं काय नसतं."

"नक्की? तुझ्याकडे कोणीच कुंकू लावलं नाही?"

"आईशप्पथ नाय."

मग ह्यांनी डिकी उघडली, चटई काढली आणि मला हाक मारली. "अगं, हात ठेव." सगळे बघत होते, तरी ठेवला. अर्धं बोट अर्ध्यावर बसलं.

"ठसे जुळले," हे म्हणाले.

"साहेब, पोरांकडून चूक झाली..."

"आत्ताच म्हणालास स्वतःच्या हातानं. पंपाचं काय?"

त्यानं मान खाली घातली. "साफ केला फक्त."

हे ओरडले नाहीत. तिथेच कागदावर तक्रार लिहिली, त्याला मोठ्यानं वाचून दाखवली आणि खाली आपल्या सहीची जागा मोकळी ठेवली. त्यानं निम्मे पैसे तेव्हाच दिले, उरलेले आठवड्यात घरी आणून दिले.

परत येताना हे म्हणाले, "चोर मला घाबरतो गं. हा घाबरतच नव्हता, माझं कौतुक करत होता." मला वाटतं तिथेच सगळं फसलं. थरथरणाऱ्याचं खोटं हे डोळ्यांवरून ओळखत. पण 'साहेब, साहेब' करणाऱ्यावर संशय घ्यायची ह्यांना सवय नव्हती, कारण पोलीस ठाण्यात सगळेच साहेब म्हणायचे. आणि त्या गाडीत बसल्यावर पुन्हा कोणीतरी साहेब म्हणावं, ह्यासाठीच तर ती घेतली होती. हे मी त्यांना सांगितलं नाही. गाडी अजून आहे. अजून बसते.

हळदीच्या आदल्या दिवशी मी खोपटच्या एसटी स्टँडवरून बस धरून निघाले. वहिनी मांडवात कांदे चिरायला बसली होती.

"काय गो, गारीनं आलीस का बशीनं?"

"बशीनं."

"म्हंजे बसली परत?"

"बसली."

सगळ्या बायका हसल्या, मीही हसले. मग पिशवीतून पाकीट काढून तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं हात पदराला पुसले, एकेक नोट मोजली आणि पाकीट कमरेला खोचलं.

"पुरं हायेत गो," म्हणाली.