गजूभाऊंची वाघचाल

जंगलात लावलेल्या कॅमेऱ्याचं कार्ड उघडलं की गाई निघतात, गवळी निघतात, वाऱ्यानं हललेलं गवत तर ढीगभर निघतं, आणि कधीतरी वाघ. नागपुरात मनीषनगरला आमचं वाघ मोजणाऱ्यांचं ऑफिस आहे, तिथले किस्सेही असेच साचतात. ते फोटो छाटायला मी बसते, त्यामुळे गजूभाऊंचा सगळा स्टॉक माझ्याकडे आहे.

गजूभाऊ म्हणजे आमचा फील्डचा माणूस. वीस वर्षं वाघ मोजताहेत आणि जंगलात एकदाही वाघ पाहिलेला नाही.

*

एकदा पाणवठ्यापासून दहा मिनिटं बाजूला गेले. परत येऊन बघतात तर स्वतःच्या बुटाच्या ठशावर वाघाच्या पंजाचा ताजा ठसा! दुसरा कोणी रडला असता. यांनी टेप काढून माप घेतलं.

मी म्हटलं, "वाघ दिसला असं लिहून टाका ना."

"न पाहिलेलं मी लिवत नाही वं," म्हणाले.

*

वाघाची विष्ठा तपासायला नागपूरला आणावी लागते. मौद्याहून येणाऱ्या खच्चून भरलेल्या बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "डब्यात काय हाय गा काका?"

गजूभाऊंना खोटं बोलता येत नाही. त्या दिवशी त्यांना खिडकीची सीट मिळाली. शेजारचीही.

*

कॅमेरा लावला की त्याच्यासमोरून एकानं वाघासारखं चार पायांवर चालायचं, म्हणजे उंची बरोबर आहे का ते कळतं. हे काम कायम गजूभाऊंचं. मागून आमच्या मॅडमच्या सूचना, "मान खाली, गजूभाऊ. खांदे हलू द्या. मागचा पाय पुढच्याच्या ठशात पडू द्या."

"मॅडम, कंबर धरली हाय."

"वाघ बोलत नाही."

*

गजूभाऊंच्या वाढदिवसाला मी हौसेनं कॅमेऱ्यात निघालेल्या त्यांच्या या वाघचालीच्या फोटोंचं कॅलेंडर छापून दिलं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, बाराही महिने उलटून पाहिले. "याच्यात वाघ कुठं हाय? वीस वर्षं तुम्ही जंगलात रांगूनच राहिले काय?"

ते गजूभाऊंना फार लागलं. रिटायरमेंट महिन्यावर आली होती. "एक डाव तरी दिसाले पाहिजे होता वं मले," चहा पिताना म्हणाले. मला कॅलेंडरची लाज वाटली.

*

शेवटच्या दिवशी ते स्वतः लावलेल्या शेवटच्या कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन आले. मी उघडलं.

पहिल्या फोटोत गजूभाऊ, नेहमीसारखे चार पायांवर, मान खाली. त्यांच्या पलीकडे झुडपाला लागून वाघीण बसलेली, यांच्याकडे बघत. दुसऱ्या फोटोत गजूभाऊ बॅग उचलून निघालेले, ती तिथंच. तिसऱ्यात वाट रिकामी, आणि वाघीण यांच्याच वाटेनं, मान खाली घालून, खांदे हलवत चाललेली.

गजूभाऊ स्क्रीनला नाक लावून बसले. चहा पार गार झाला. मग त्यांनी चष्मा पुसला, माझ्यासमोरचा नोंदींचा तक्ता ओढला, आणि पहिल्या फोटोपुढे 'किती वाघ' या रकान्यात नीट अक्षरात लिहिलं, दोन.