जुन्या तोंडवळ्याचा नवा रेडिओ

त्या उन्हाळ्यात मी फार थकलो होतो. चंद्रपुरात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. ट्रक, जीप, काळीपिवळी, जे येईल ते. कोळशाच्या गाड्यांच्या स्विचमधून काळी पूड निघायची, गडचिरोलीकडून येणाऱ्या जीपच्या वायरिंगमधून लाल माती. मागच्या काही वर्षांत म्युझिक सिस्टीम बसवायचं काम वाढलं होतं. प्रत्येक जीपवाल्याला त्याचा आवाज शेजारच्या जीपपेक्षा मोठा हवा असायचा. दिवसभर डॅशबोर्डखाली उताणं पडून राहायचं, मान एका बाजूला वळवलेली, तोंडावर धूळ. घरी गेलं की बोलायचीसुद्धा इच्छा नसायची.

अशात मूल गावाहून एक बाई दुकानात आल्या. वय सत्तरीच्या आसपास, सुती पातळ, हातात कापडी पिशवी. मूलला त्यांची राइस मिल होती. पिशवीतून त्यांनी एक खोकं काढलं.

"भाऊ, हा रेडिओ आमच्या गाडीत बसवून द्या. पन डॅशबोर्ड कापायचा नाई. मालकानं आधीच सांगून ठेवलं आहे."

खोक्यात होता तसा रेडिओ मी तोपर्यंत पाहिला नव्हता. समोरून अगदी साठ सालातला वाटावा असा: चकचकीत पट्टी, दोन बाजूंना दोन गोल बटणं, मध्ये आकड्यांची काच आणि दाबायच्या पाच चपट्या कळा. मागून मात्र आजचा. पेनड्राइव्ह लावायची वायरसुद्धा निघत होती. त्यांच्या भाच्यानं परदेशातून पाठवला होता.

"गाडी कोणती?" मी विचारलं.

"उघडी. दोन सीटची. इंग्रजाची."

गाडी इकडे आणा म्हटलं, तर त्या म्हणाल्या की मालकाला, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, लकवा झाला आहे, त्यांना गाडी डोळ्यांसमोर हवी असते. मूलला जाणं मला जड वाटत होतं. नाही म्हणायचं ठरवलं होतं, पण त्या उभ्याच राहिल्या. शेवटी एका सकाळी हत्यारांची पेटी घेऊन एसटीत बसलो.

मिलच्या अंगणात तुसाचा ढीग होता आणि शेडखाली ती गाडी. गर्द हिरवी, बुटकी, लांब नाकाची. खाणीवरचा एक साहेब देश सोडून जाताना मालकांना देऊन गेला होता. पडवीत खुर्चीवर मालक बसले होते. उजवा हात मांडीवर निपचित, बोलणं अर्धवट. मी नमस्कार केला तर त्यांनी डावा हात उचलून सरळ गाडीकडे दाखवला.

बॉनेट उघडलं आणि माझा उत्साह, जो मुळात नव्हताच, तोही गेला. आपल्याकडच्या आजच्या गाड्यांत बॅटरीची मायनस वायर गाडीच्या लोखंडाला बांधलेली असते. या गाडीत प्लस बांधली होती. जुन्या इंग्रजी गाड्यांची ती रीत. नवा रेडिओ तसाच जोडला असता तर पहिल्याच क्षणी जळाला असता.

"बाई, आधी पूर्ण गाडी उलटी करावी लागते," मी म्हणालो.

त्या दचकल्या. "उलटी म्हंजे?"

"करंटाची दिशा. गाडी नाई."

पडवीतून मालकांच्या घशातून एक आवाज आला. ते हसत होते हे मला बाईंच्या चेहऱ्यावरून कळलं.

बॅटरी फिरवली. दोन्ही टोकांच्या जाडीत फरक असतो, म्हणून क्लॅम्प बदलावे लागले. कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल केल्या. डायनॅमोला नवी दिशा शिकवायला एका वायरीनं क्षणभर करंटाचा स्पर्श द्यावा लागतो, ठिणगी उडते. हे सगळं मी माझ्या उस्तादाकडून ऐकलं होतं, हातानं फार थोड्या वेळा केलं होतं. इंजिन सुरू झालं आणि काट्यानं चार्जिंग दाखवलं तेव्हा घामानं माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

मग डॅशबोर्ड. जुन्या रेडिओची जागा तयार होती, पण मागे एक पत्र्याची पेटी आडवी आली. हीटरची. चंद्रपूरकडच्या मे महिन्यात हीटरच्या पेटीशी झटापट करताना मला रडावं की हसावं कळेना.

"हा कधी लावला होता का बाई?"

"एक डाव. थंडीत नागपूरले जाताना. रस्ताभर जळकट वास येत होता."

पेटी थोडी खाली सरकवून घेतली. रेडिओ आत गेला, दोन्ही बटणं जुन्या भोकांतून बरोबर बाहेर आली, आणि खरं सांगतो, बघणाऱ्याला वाटावं तो तिथेच जन्मला आहे. दारात स्पीकर लावायचे तर पत्रा कापावा लागला असता. म्हणून सुताराकडून सागवानाची एक बुटकी पेटी बनवून घेतली, स्पीकर तिच्यात बसवून ती सीटच्या मागे ठेवली. त्या पेटीसाठी मला पुन्हा एकदा मूलला यावं लागलं. पाठ धरली होती. बसमध्ये उभं राहावं लागलं.

दुसऱ्या खेपेला सगळं जोडून झालं. आकाशवाणी लागली. मालक खुर्चीत पुढे झुकले. मी इंजिन सुरू केलं, एक्सिलरेटर थोडा दाबला, आणि आता हत्यारं आवरून दुपारची बस पकडायची या विचारात होतो.

बाई म्हणाल्या, "हे काय वाजून राह्यलं?"

"काय?"

"शिट्टीवानी. सूंऽऽ."

मी कान दिला. गाणं होतं, इंजिन होतं. "नाई बाई. शिट्टी नाई."

"आहे नं! गाडी जोरात केली का वाढते, कमी केली का कमी होते."

त्यांनी सांगितलं ते अगदी बरोबर लक्षण होतं. डायनॅमोचा आवाज वायरीतून स्पीकरमध्ये येतो, तो असाच इंजिनबरोबर चढतो उतरतो. मी आयुष्यभर तो दुसऱ्यांच्या गाड्यांतून काढत आलो होतो. मी सागवानी पेटीला कान लावला. लाकूड थरथरत होतं. शिट्टी नव्हती. मी डोकं वर केलं तर पडवीत मालकांनी डावा हात कानावर ठेवला होता आणि कपाळाला आठ्या पाडल्या होत्या.

दोघांनाही ऐकू येत होतं. मला येत नव्हतं.

मी इंजिन बंद केलं. शेडखाली तांदळाच्या पोत्यांची थप्पी होती, तिच्यावर जाऊन बसलो. इतकी वर्षं दुकानात ट्रकचे हॉर्न डोक्याशी वाजवून तपासले होते, जीपवाल्यांचे स्पीकर बंद दारात फुल आवाजावर लावले होते. मला वाटायचं आपण थकलो आहोत म्हणून माणसांचं बोलणं अंगावरून जातं.

बाई ताकाचा ग्लास घेऊन आल्या. "काऊन बसले? तब्येत बरी नाई का?"

"बाई, तुमाले ऐकू येते ते मले येत नाई." मी म्हणालो. "कोन्या दुसऱ्या मिस्त्रीले बोलवा. मी जे जोडलं ते बरोबर आहे, पन शिट्टी गेली का नाई हे मले कसं समजन?"

त्यांनी पदर खोचला. "मी ऐकतो नं. मले समजते. तुमी हात चालवा."

आमच्या झाडीपट्टीत बायासुद्धा 'मी ऐकतो' म्हणतात. त्या दुपारी ते वाक्य मला फार आधाराचं वाटलं.

त्या गाडीच्या सीटवर उलट्या बसल्या, सागवानी पेटीकडे तोंड करून. मी डॅशबोर्डखाली. ठरलं असं की शिट्टी असेपर्यंत त्यांनी हात वर धरायचा. इंजिन चालू ठेवलं. डायनॅमोवर आवाज दाबणारा कंडेन्सर लावला. हात वरच. रेडिओची वायर इंजिनच्या वायरींपासून दूर नेली.

"थोडी कमी झाली," त्या म्हणाल्या. हात खांद्यापर्यंत आला.

एरियलची वायर हलवून पाहिली, काही फरक नाही. मध्येच मालक ओरडले. बाईंनी कान दिला आणि मला सांगितलं, "ते म्हंते, डाव्या बाजूनं जास्त येते." म्हणजे आता दोघे ऐकत होते आणि मी हुकूम पाळत होतो. डाव्या बाजूला रेडिओची अर्थिंग मी एका स्क्रूखाली दिली होती. स्क्रू काढला तर खाली रंगाचा जाड थर. रंगावर अर्थिंग कशी बसेल? ही शिकाऊ माणसाची चूक होती, आणि एरवी ती मला कानानंच सापडली असती. रंग खरवडला नाही. मालकांना आवडलं नसतं. सरळ जाड वायर ओढून इंजिनच्या लोखंडावर नेऊन आवळली.

डोकं बाहेर काढलं तेव्हा बाईंचा हात खाली मांडीवर होता.

"गेली?"

"गेली." पडवीतूनही मान हलली.

मग त्यांनी मालकांना गड्याच्या मदतीनं डाव्या सीटवर बसवलं आणि स्वतः स्टीअरिंगवर बसल्या. त्या गाडी चालवतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मिलच्या फाटकातून गाडी सिंदेवाहीच्या रस्त्याला लागली. मी पोत्यांवर बसून राहिलो, बस चुकली तरी हरकत नव्हती. बऱ्याच वेळानं दोघं परत आले. बाईंचे केस विस्कटले होते.

"रस्त्यानं तं काईच ऐकू येत नाई!" त्या म्हणाल्या. "हवा, इंजिन, सारा कल्ला. तलावापाशी थांबलो, मंग ऐकलं."

"मंग?"

"मंग काय. थांबूनच ऐकू."

मालकांचे डोळे मिटलेले होते, डाव्या हाताची बोटं दारावर हळूहळू वाजत होती.

घरी पोचलो, बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही.

"दोन वर्षं झाली मी एकेक गोष्ट तीन-तीनदा सांगून राह्यली," ती म्हणाली. "तुमी म्हंता थकलो. मी बी थकली नं."

पावसाळा लागल्यावर ती मला नागपूरला घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं, बारीक आवाज गेलेत ते परत यायचे नाहीत, उरलेले जपा. म्युझिकची कामं मी सोडली. जीपवाल्यांना पुढच्या चौकातल्या दुकानात पाठवू लागलो. हेडलाइट, सेल्फ, वायरिंग, एवढंच ठेवलं. कामं कमी झाली, थकवा फारसा कमी झाला नाही.

आता कानात मशीन आहे. घरी लावतो, बायकोशी बोलताना. दुकानात हॉर्न तपासायला कुणी आलं की काढून खिशात ठेवतो.