तीन नंबरची खोली

फ्रान्सिना आणि मी एकाच बेकरीत सव्वीस वर्षं समोरासमोर उभ्या आहोत. मधे संगमरवरी ओटा. पीठ कागदासारखं पातळ ताणायचं, त्याला डुकराची चरबी फासायची आणि गोल गुंडाळत न्यायचं, हे काम तिच्याइतकं झटपट करणारं अख्ख्या पाल्मा शहरात मी दुसरं कोणी पाहिलं नाही. तोंडही तेवढंच झटपट. मालक तोमेउ उशिरा उगवला की म्हणायची, "या साहेब, बसा. काय घेणार?" लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "एक आई सांभाळतेय ना. आणखी एक म्हातारं मूल कशाला?"

आई म्हणजे पोलोनियामावशी. जुन्या शहरात, कालात्रावातल्या एका अरुंद गल्लीत, पहिल्या मजल्यावर ती नवरी होऊन आली आणि छप्पन्न वर्षं तिथेच राहिली. फ्रान्सिनाचा जन्म त्याच घरातला. मावशीनं जन्मभर किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या चादरींना हातानं शिवण घातली. मग घरमालक वारला, त्याच्या पुतण्यांनी इमारत विकली, आणि भाडेचिठ्ठी मावशीच्या मेलेल्या नवऱ्याच्या नावावर असल्यामुळे त्यांच्या वकिलानं एका कागदात सगळं संपवलं. इमारतीचं आठ खोल्यांचं छोटं हॉटेल झालं. मायलेकींना सोन गोत्लेउ वस्तीत चौथ्या मजल्यावर जागा मिळाली. लिफ्ट नाही.

तिथे मावशीचं डोकं हळूहळू रिकामं होत गेलं. रोज पाच वाजले की ती कोट चढवायची, पर्स मांडीवर घेऊन बसायची. "चला बाई, फार वेळ बसलो. या लोकांना किती त्रास द्यायचा? घरी जाऊ." फ्रान्सिनानं आधी समजावलं, मग ती ओरडली, मग थकली. शेवटी म्हणायची, "हो, बस येतेय." मावशी जेवणापर्यंत बसची वाट बघायची. दोन वर्षं तिनं लेकीला नावानं हाक मारली नव्हती. फ्रान्सिना तिच्यासाठी नुसती 'बाई' होती.

दोन वर्षांपूर्वी मेमध्ये सरकारी वृद्धाश्रमातून फोन आला. बेटाच्या आतल्या भागातल्या एका गावात जागा रिकामी झाली होती, एक जूनला दाखल करायचं होतं. दुसऱ्या दिवशी फ्रान्सिना ओट्यावर पीठ आपटत मला म्हणाली, "बेल, मी खोली घेतलीय. दोन रात्रींसाठी."

"कुठे?"

"घरी. तीन नंबरची. आमची पुढची खोली होती ती."

"वेड लागलंय का तुला? तिला काही कळणार नाही."

"नाही कळलं तर नाही. निदान एकदा झोपेल तरी तिथे. सहा वर्षं मागतेय गं ती."

मी पुन्हा नको म्हटलं. पण त्यात जोर नव्हता, हे मला माहीत आहे.

शेजारच्या उस्मानानं आणि त्याच्या भावानं मावशीला खुर्चीत बसवून चार मजले उतरवलं. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी थांबली. ऊन चढलं होतं, वर पाकोळ्या किंचाळत होत्या. काउंटरवरच्या मुलीनं ओळखपत्रं घेतली आणि हसून विचारलं, "कुठून आलात?"

"इथूनच," फ्रान्सिना म्हणाली.

"नाही, म्हणजे कुठल्या गावाहून?"

"याच गावातून. याच जिन्यावरून."

 मुलीनं शहराचा नकाशा पुढे केला. फ्रान्सिनानं तो घेतला, घडी घातली आणि पर्समध्ये टाकला.

खोलीत जुनं काही दिसत नव्हतं. भिंती पांढऱ्याफेक, मोरीच्या जागी काचेचं न्हाणीघर. मावशी दारात उभी राहिली. मग सरळ बाल्कनीकडे गेली, हिरव्या झडपेमागे हात घातला आणि न बघता खिटी काढली. खिटी तीच होती, वाकडी. ती तिरकी ओढल्याशिवाय झडप उघडत नाही, हे त्या घरात राहिलेल्यालाच ठाऊक. मावशी मागे वळली.

"फ्रान्सिना, माझी मोरी कुठे गेली?"

फ्रान्सिनानं तिथूनच मला फोन लावला.

संध्याकाळी मी जर्दाळू घातलेली एन्साइमादा, आम्ही रोज गुंडाळतो तो गोल गोड पाव, घेऊन गेले. मावशी खुर्चीत ऐटीत बसली होती. "बेल, जाड झालीस गं," म्हणाली. मग चादरीची कड दोन बोटांत धरून नाक मुरडलं. "मशीनची शिवण. पहिल्या धुण्यात उसवेल." आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो. तेवढ्यात ती बाल्कनीत गेली आणि समोरच्या घराकडे बघून हाक मारली, "अंतोनिया! अगं अंतोनिया!" समोर एक उघडाबंब गोरा माणूस आला. त्यानं हातातला पेला उंचावला.

"हा कोण अंतोनियाचा?"

"भाडेकरू आहे, मावशी."

"सदरा घाल म्हणावं त्याला."

समोरची शेजारीण अंतोनिया वारून चार वर्षं झाली होती. गल्लीत ओळखीचं एकही दार उरलं नव्हतं.

दुसरा दिवस त्याहून चांगला गेला. फ्रान्सिनानं बाजारातून हिरव्या शेंगा आणल्या आणि दोघींनी पांढऱ्या गादीवर बसून सोलल्या. शिजवायच्या कुठे, हे मावशीनं विचारलं नाही. तिला नवऱ्याचं नाव आठवलं, पुराचं वर्ष आठवलं, फ्रान्सिनाला गोवर झाला तो आठवडा आठवला. मी गेले तशी फ्रान्सिना मला जिन्यात ओढत घेऊन गेली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"ती बरी आहे, बेल. तिला फक्त घर हवं होतं. मी वृद्धाश्रमाला कळवते, आम्ही येत नाही."

"आणि ठेवणार कुठे? उद्या अकराला खोली सोडायचीय."

"तू ना, नेहमी तेच बोलतेस," ती म्हणाली आणि आत गेली.

तिसऱ्या दिवशी मी साडेदहाला पोचले. सामान बांधून झालं होतं. मावशी बाल्कनीचा कठडा धरून बसली होती.

"चल आई, प्रार्थनेची वेळ झाली. चर्चमध्ये जाऊन येऊ."

"खोटं बोलतेस. मी खाली गेले की तू कुलूप घालणार."

"आई, मी फ्रान्सिना आहे गं."

"माझी फ्रान्सिना शाळेत गेलीय. तू त्या वकिलाची बाई. कागद घेऊन आलीस ना? मी सही करायची नाही."

सफाईवाली चादरींचा गठ्ठा घेऊन दारात उभी. काउंटरवरच्या मुलीनं एक तास वाढवून दिला. तिच्या हातात तेवढंच होतं. बारा वाजले. खाली पुढचे पाहुणे आले, त्यांच्या बॅगांची चाकं अंगणात खडखडली. फ्रान्सिनानं विनवलं, पाया पडली, एकदा ओरडलीसुद्धा. शेवटी एका बाजूनं ती आणि दुसऱ्या बाजूनं मी, अशी आम्ही मावशीची बोटं कठड्यावरून एकेक करून सोडवली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईच्या बोटांत इतकी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

जिन्यात ती ओरडत होती. "धावा! मला घरातून काढतायत! अंतोनिया!" कोणी आलं नाही. यायला कोणी नव्हतंच. खाली ते तरुण जोडपं भिंतीला चिकटून उभं होतं. त्यातल्या मुलीनं घाईनं दार उघडून धरलं. तिला वाटलं असावं, कोणी आजारी आहे. फ्रान्सिनानं मान खाली घालून तिला "आभारी आहे" म्हटलं.

एक जूनला मावशीला आश्रमात नेलं. तिथे पाच वाजता तिनं कोट चढवला नाही. घरी जायचं हे तिनं पुन्हा कधीच काढलं नाही. तिला एवढ्याचाच विसर पडला नाही, की या बाईनं आपल्याला घराबाहेर काढलं. फ्रान्सिना दिसली की ती भिंतीकडे तोंड करायची. परिचारिकेच्या हातून जेवायची, लेकीनं चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटायची. मग फ्रान्सिना खोलीत जाईनाशी झाली. दर रविवारी दोन बस बदलून जायची, बाहेरच्या बाकावर तास दीड तास बसायची, आईनं काय खाल्लं ते विचारायची आणि परत यायची. असे सतरा महिने गेले. ऑक्टोबरात मावशी गेली. शेवटच्या दिवशी तरी ओळख पटली का, असं बेकरीतल्या बायकांनी विचारलं. नाही पटली.

त्यानंतर एकदा मी तिला म्हटलं, "तू तिच्या चांगल्यासाठीच केलंस."

"चांगलं झालं होतंच ना," ती म्हणाली. "दोन दिवस अगदी चांगलं झालं होतं. तेच तर." आणि हातातलं पीठ ताणत राहिली.

ती अजून कामाला येते. हात तसेच चालतात. तोमेउ उशिरा आला तर ती काही बोलत नाही, आणि तो बिचारा दाराशी क्षणभर थांबून वाट बघतो. या वसंतात सोन गोत्लेउच्या जागेचीही नोटीस आली. मी विचारलं, "कुठे जाणार?" ती म्हणाली, "बघू." वकिलाकडे जाऊ, मी येते बरोबर, असंही म्हटलं. त्यावर तिनं हात पुसले आणि म्हणाली, "दुकानात रिकामी खोकी असतील तर ठेव गं माझ्यासाठी."

मी चार ठेवली आहेत.