घशाचे दुखणे नाकात शोधणाऱ्या कुमुदताई

डॉ. कुमुदताई राजूरकर यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी मनातून त्यांच्यावर चिडले होते. आईचा घसा दाखवायला मी तिला फुलसावंगीहून एसटीने उमरखेडला आणले होते आणि या डॉक्टरीणबाई तिच्या नाकातच बॅटरी मारून पाहत होत्या.

माझी आई पारबताबाई विहारात वंदना घ्यायची, भीमगीते म्हणायची. वर्षभरापासून तिचा आवाज घोगरा होत होत बसला होता. त्याहून वाईट म्हणजे घासागणिक ठसका लागायचा. लाजेने ती सगळ्यांचे झाल्यावर एकटी, पाठ फिरवून जेवायची. कापसाची ती वाईट वर्षे होती. कोणाच्याही घशात काही अडकले की लोक एकच कारण सांगत. आईनेही तेच सांगितले, "घास मधातच अटकते, मॅडम. लोक म्हन्तेत, टेन्शन हाये."

"टेन्शन असेलच. पण नाक कधीपासून बंद आहे?"

"नाक तं ही पोरगी व्हायच्या आधीपासून बंद हाये. त्याचं काय?"

सायनसचा जुना आजार होता. ताईंनी समजावून सांगितले : नाकातला स्राव मागून घशात उतरतो, तो काढायला माणूस दिवसभर खाकरतो आणि स्वरयंत्र सुजते. नाक बंद, म्हणून श्वासही तोंडाने आणि जेवणही तोंडाने. मग घास घाईने गिळला जातो आणि ठसका लागतो. घशात गाठ नाही हे आरशाने पाहूनही त्यांनी खात्रीसाठी आम्हाला नागपूरला तपासणीला पाठवले. मग औषधे, उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने रोज नाक धुणे, आणि खाकरावेसे वाटले की घोटभर पाणी पिणे.

पण माझ्या लक्षात राहिली ती एक दुपार. ताईंनी आपला डबा आईसमोर उघडला. आईने तोंडाला पदर लावला. ताई म्हणाल्या, "ठसका लागू द्या. कुठे अडतं ते मला दिसेल." वरणात कुस्करलेली भाकरी, लहान घास, मान किंचित खाली, मध्ये श्वास. तासभर दोघी जेवत होत्या. बाहेर रोगी ताटकळले होते.

काही महिन्यांत गिळणे सुधारले. आनंदाच्या भरात ताई म्हणून गेल्या, "बुद्धपौर्णिमेला तुम्ही गाणार." ऐकायला त्या स्वतः फुलसावंगीला आल्या. दुसऱ्या कडव्यात वरच्या सुरावर आईचा आवाज फाटला. ती खाली बसली. ताई उठून तिच्याजवळ आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पारबताबाई, घाई माझी झाली. मला माफ करा."

डॉक्टरने रोग्याची माफी मागितलेली मी तोवर पाहिली नव्हती. आई म्हणाली, "माफी कायले, मॅडम? मले भूक लागली. तुमीबी बसा जेवाले."

त्या दिवशी आई पंगतीत बसून जेवली. शेजारी ताई होत्या.

पुढच्याच वर्षी मी ताईंच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागले आणि त्या निवृत्त झाल्यावरही तिथेच राहिले. बसक्या आवाजाच्या माणसाला बोलायला वेळ लागतो. मी मध्येच त्याचे वाक्य पुरे केले की ताई नुसता हात वर करत. रोग्याचे बोलणे रोग्यानेच संपवायचे, हा त्यांचा नियम. जगाने टाळलेल्या किती कुजबुजी त्यांनी अशा शेवटपर्यंत ऐकल्या!

आई पुन्हा गाऊ लागली, पण खालच्या पट्टीत. वरचा सूर गेला तो गेलाच. ताईंना त्याची रुखरुख आहे. मलाही आहे, घरात कधी कधी मी तो जुना आवाज आठवायला बसते आणि तो नीट आठवत नाही.

ताई आता नागपूरला लेकीकडे असतात. त्यांच्या जागी आलेले डॉक्टर भले आहेत. तरीही सकाळी पायरीवर चप्पल वाजली की माझी मान वर होते. फोनवर ताई जुन्या रोग्यांची नावे घेऊन विचारपूस करतात. स्वतःच्या गुडघ्यांचा विषय मात्र टाळतात. आई अलीकडे रोज विचारते, "मॅडम कधी येऊन राह्यल्या?" मी म्हणते, येतील.

ताईंच्या पंचाहत्तरीला आम्हा सर्वांकडून एवढेच मागणे : त्यांना भरपूर आयुष्य मिळो, गुडघ्यांना बळ मिळो, आणि त्या आयुष्यातले चार दिवस तरी उमरखेडच्या वाट्याला येवोत.